तोरणमाळच्या तळ्याकाठी तंबूतला पहिला मुक्काम

थंडी पडायला लागली की ओळखीपाळखीतून एकच विचारणा सुरू होते, "तोरणमाळला तळ्याकाठी तंबू टाकून राहता येतं का हो?" येतं. नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर साधारण १,१५० मीटर उंचीवर हे ठिकाण आहे. मधोमध यशवंत तलाव, भोवती साग, सालई, मोहाचं जंगल, आणि महाबळेश्वर-लोणावळ्याच्या मानाने गर्दी फारच कमी. तंबूत कधी न झोपलेल्या माणसाने सुरुवात करायला खान्देशात याहून बरी जागा मला तरी माहीत नाही.

फक्त एक गोष्ट आधीच पक्की करा. रात्र सुखाची जाणार की कुडकुडत जाणार हे रात्री ठरत नाही, दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान ठरतं. पुढचं बहुतेक सगळं त्या तीन तासांसाठीच आहे.

कधी जायचं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. पावसाळ्यात तोरणमाळ देखणं असतं, पण घाटात धुकं, पायाखाली चिखल आणि तंबूखाली पाणी; नवख्याने तेव्हा खोलीत राहावं आणि खिडकीतून पाऊस बघावा. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाची मोठी यात्रा भरते. यात्रा जरूर बघा, पण तेव्हा शांतता शोधायला जाऊ नका.

फेब्रुवारीच्या मध्यापासून सागाची पानं गळून जमिनीवर थर साचतो आणि वणव्याचा हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास मोह फुलायला लागतो. पहाटे अंधारात बायामाणसं टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघतात, आणि तीच फुलं खायला अस्वलही येतं. मोहाखाली तंबू लावून दोघांच्याही वाटेत झोपायची काही गरज नाही.

तारीख ठरवताना कॅलेंडरात तिथी बघा. शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपास गेलात तर सगळ्यात सोयीचं. मध्यरात्रीपर्यंत चांदणं असतं, त्यामुळे स्वयंपाक, जेवण, आवराआवर उजेडात होते. मग चंद्र मावळतो आणि आभाळ ताऱ्यांनी भरून जातं. निव्वळ तारेच बघायचे असतील तर अमावास्या गाठा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, तो अंधाऱ्या पक्षात आला तर सोडू नका.

परवानगी, आणि पहिली रात्र कुठे

तोरणमाळचं जंगल संवर्धन राखीव, म्हणजे वन्यजीवांसाठी कायद्याने राखलेलं आहे. तळं दिसलं, जागा मोकळी दिसली, ठोकल्या खुंट्या, असं इथे चालत नाही. राखीव जंगलात परवानगीशिवाय विस्तव पेटवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. निघण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात विचारा, तंबू कुठे चालेल, चूल कुठे चालेल, शुल्क किती. तळ्याच्या परिसरात गाव आहे, माणसं राहतात, त्यांची गुरं पाण्यावर येतात. म्हणून पोहोचल्यावर पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीतल्या कुणाला तरी भेटून "आम्ही अमुक जण, आजची रात्र अमुक जागी आहोत" एवढं सांगून ठेवा. दोन मिनिटांचं काम असतं. रात्री कुणाची बॅटरी तंबूवर पडली तर ती ओळखीच्या माणसाची असते, हा त्याचा फायदा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिली रात्र रानात काढूच नका. पर्यटन विकास महामंडळाचं निवास आहे, वन खात्याचं विश्रामगृह आहे, गावात काही घरगुती सोयीही होतात. फोन करून विचारा, "आवारात तंबू लावू द्याल का?" पैसे द्या, संडास-पाण्याची सोय घ्या आणि झोपा अंगणातल्या तंबूत. थंडी तीच, आवाज तेच, तारे तेच. मध्यरात्री पोटात कळ आली तर मात्र दार शंभर पावलांवर असतं. दुसऱ्या खेपेला लांब जा.

सामान

दुकानदार जे आधी विकतो ते सगळ्यात शेवटी घ्या. घडीची खुर्ची, टेबल, रंगीत दिव्यांच्या माळा यांच्यावाचून काही अडत नाही. अडतं ते अंथरुणावाचून. नवखा माणूस पांघरुणाचा विचार करतो आणि खाली पातळ चटई टाकून मोकळा होतो. पण थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून चढते. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत असते. फोमची जाड मॅट घ्या, तिच्यावर घरची गोधडी दुहेरी घाला, आणि मग स्लीपिंग बॅग किंवा ब्लँकेट. विकत घ्यायला पैसे थोडे असतील तर आधी मॅट, मग बॅग.

किती थंडी असते म्हणाल, तर हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. शहाद्याला पहाटे पंधरा अंश असेल तर वर आठ-नऊ धरूनच चला. कानटोपी आणि झोपण्यापुरते वेगळे, कोरडे मोजे न विसरता घ्या. दिवसभर घातलेले मोजे घामाने ओलसर असतात, ते घालून झोपलात तर पाय पहाटेपर्यंत गार.

तंबू दोन माणसांचा लिहिलेला असेल तर तो एका माणसाचा आणि त्याच्या पिशवीचा समजा. नवा तंबू एकदा घराच्या गच्चीवर उभा करून, पुन्हा घडी घालून बघा. आणि सोबत येणाऱ्या खुंट्यांवर भरवसा ठेवू नका. तोरणमाळचं पठार काळ्या कातळाचं आहे, वर मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम. ॲल्युमिनियमची नाजूक खुंटी दोन ठोक्यांत वाकडी होते. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आठ एमएमच्या सळईचे वीतभर लांबीचे तुकडे, एक टोक वाकवून, एक टोक अणकुचीदार करून घ्या. दहा-बारा पुरतात आणि जन्मभर टिकतात. सोबत छोटा हातोडा.

बाकी यादी थोडक्यात: प्रत्येकाला एक हेडलॅम्प आणि जादा सेल, जाड ताडपत्री, दहा मीटर नायलॉनची दोरी, चाकू, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत, प्रथमोपचाराची पेटी, ओडोमॉस, पाण्याचा वीस लिटरचा जार, कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या, बागेतलं छोटं खुरपं. खुरपं कशाला ते पुढे येईलच.

वर कसं पोहोचायचं

रेल्वेने येणाऱ्यांनी सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला उतरावं, तिथून प्रकाशामार्गे शहादा. धुळ्याकडून येणारे दोंडाईच्यावरून किंवा शिरपूरवरून शहाद्याला पोहोचतात. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. शहाद्यात तीन कामं उरका: टाकी फुल, रोख पैसे काढणं आणि भाजीपाला. वर गेल्यावर नेटवर्क आणि ऑनलाइन पैसे दोन्हींच्या भरवशावर राहू नका. घरच्यांना इथूनच फोन करून सांगा की उद्या दुपारपर्यंत फोन लागला नाही तरी घाबरू नका.

सातपायरीचा घाट वळणावळणाचा आहे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, वळणावर हॉर्न द्या. मोटारसायकलवर तिघं बसून वर यायचा विचार सोडून द्या. शहादा अकरा-साडेअकराला सोडलंत की वाटेत नागार्जुनाचं दर्शन, चहा, दोन थांबे धरूनही दोनपर्यंत वर असता. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत-बाहेर मावळतो आणि डोंगरात सावली त्याआधीच उतरते. चारनंतर पोहोचणाऱ्याचा तंबू बॅटरीच्या उजेडात लागतो, आणि तो वाकडाच लागतो.

जागा निवडणं

घाई नको. सामान गाडीतच राहू द्या आणि आधी मोकळ्या हाताने फिरून या.

सगळ्यांना तंबू अगदी पाण्याला लागून हवा असतो, फोटोसाठी. तिथे लावू नका. रात्री थंड हवा उतारावरून घसरत सखल जागी येऊन साचते, आणि तळ्याचा काठ ही आसपासची सगळ्यात सखल जागा. वर पाण्याची दमट हवा. पहाटे तंबूचं कापड बाहेरून दवाने आणि आतून तुमच्याच श्वासाने ओलं होतं, थेंब तोंडावर पडतात. काठापासून साठ-सत्तर पावलं मागे आणि पुरुषभर उंचावर गेलात तरी फरक कळतो. शिवाय पाण्यावर रात्री जनावर येतं, सकाळी गुरं येतात; त्यांची वाट मोकळी राहते. ती वाट ओळखायला सोपी असते. गवत दबलेलं, शेण पडलेलं, मातीत खुरांचे ठसे. असं काही दिसलं की वीसेक पावलं बाजूला सरका.

मग वर बघा. झाडाची वाळलेली फांदी डोक्यावर नको. जुन्या सालईच्या फांद्या ठिसूळ, वारा नसतानाही तुटतात. मग खाली बघा. बोटाएवढी गोल बिळं, वारूळ, मुंगळ्यांची रांग, दगडांची रास असेल तर पुढची जागा. शेवटी त्या जमिनीवर चक्क आडवे व्हा. डोळ्यांना सपाट दिसलेली जागा पाठीला कशी लागते ते दोन मिनिटांत कळतं. थोडा उतार असला तर डोकं चढाकडे करून झोपायचं. सीताखाईच्या दरीच्या बाजूला किंवा कुठल्याही कड्याच्या जवळपास तंबू लावू नका. रात्री लघवीला उठलेला माणूस अर्धवट झोपेत असतो.

तंबू उभा करताना

जागेवरचे खडे, काटे हाताने वेचा, गवत उपटू नका. ताडपत्री अंथरा आणि तिच्या कडा तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत दुमडा. बाहेर राहिलेली कड दव गोळा करून सगळं पाणी तुमच्या पाठीखाली आणते. दार उगवतीकडे ठेवलंत तर पहिलं ऊन आत येतं, पण वारा त्याच बाजूचा असेल तर दार फिरवा. खुंटी सरळ ठोकू नका, तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली ठोका. वरचं कापड आतल्या कापडाला चिकटता कामा नये. मध्ये हवा खेळली तरच दव आत झिरपत नाही. थंडी आहे म्हणून सगळ्या जाळ्या बंद करून घेणं ही नवख्यांची हमखास खोड. वरची एक जाळी उघडी ठेवा. त्याने ऊब फारशी जात नाही, पण दमटपणा जातो.

लागलेल्या दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा. अंधारात पाय अडकून पडणं हे तंबूतल्या मुक्कामाचं सगळ्यात कॉमन दुखणं.

पाणी आणि पोटाची व्यवस्था

तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्या, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. जार शहाद्यातूनच भरून आणला तर हा व्याप वाचतो. माणशी चार लिटर धरा. साबण, शाम्पू, खरकटी भांडी तळ्यात नकोत. पाणी बादलीने दूर न्या आणि तिथे धुवा. पोहायला उतरू नका. काठचा गाळ आणि पाणवेली पायाला धरतात, आणि वर ओढायला सराईत माणूस जवळ नसतो.

संडासची सोय नसेल तेव्हा खुरपं. पाण्यापासून शंभर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर माती लोटायची. कागद आणि सॅनिटरी पॅड मात्र पुरायचे नाहीत, पिशवीत घालून परत आणायचे.

चूल आणि जेवण

गॅसचा छोटा स्टोव्ह सोबत असावाच. चहा, खिचडी, मॅगी त्यावर होते आणि रानाला धोका नसतो. पहाटेच्या गारठ्यात त्याचा डबा मरगळतो, ज्योत बारीक येते. रात्री तो गोधडीत गुंडाळून ठेवला की सकाळी नीट चालतो.

पण खान्देशात येऊन तळ्याकाठी मॅगी खाऊन जायचं असेल तर एवढा घाट चढलात कशाला? भरीत करा. विस्तवाची परवानगी मिळालेली असेल, जागा नेमून दिलेली असेल, तरच. लाकूड रानातलं तोडायचं नाही, पडलेलंही उचलायचं नाही. ते गावातल्या चुलींसाठी असतं. त्याऐवजी शहादा-म्हसावदच्या शेतांतून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या आणा. डिसेंबर-जानेवारीत कपाशी उपटून बांधावर ढीग पडलेले असतात. "दादा, भरताले थोड्या पऱ्हाट्या लिऊ का?" एवढं विचारलं की शेतकरी मोळी बांधून देतो, वर "कोण गावना?" अशी चौकशीही करतो. भरताला मूळची रीतही काड्यांच्या जाळाचीच. पऱ्हाटी भडकन पेटते, मोठा जाळ देते आणि लवकर विझते, त्यामुळे रात्रभर निखारे सांभाळत बसावं लागत नाही.

वांगी भरताचीच घ्या. जळगावकडची मोठी, फिकट हिरवी, पांढरट रेघांची. या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. काळं-जांभळं वांगं त्या कामाचं नाही, कुणी काहीही सांगो. वांग्याला चाकूने दोन-चार टोचे मारा, नाहीतर जाळात फुटतं. जाळावर आडवं ठेवून सारखं फिरवा. साल काळी पडून सुरकुतली, देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं की झालं. हिरव्या मिरच्याही त्याच जाळात भाजा. घरी बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत मिरची-लसूण-वांगं ठेचतात. इथे जाड बुडाचं पातेलं आणि लाकडी मुसळी चालेल. मग तेलात शेंगदाणे, जिरं, कांद्याची पात, त्यात ठेचलेलं वांगं, मीठ, कोथिंबीर. तेलात हात आखडू नका. सोबत घरून करून आणलेल्या कळण्याच्या भाकरी. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेल्या या भाकरी दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगल्या राहतात, म्हणून मुक्कामाला हाच माल. मिरच्या किती घालायच्या ते पाहुणे कुठले आहेत त्यावर ठरवा. नंदुरबारच्या मिरचीची थट्टा करू नये.

जेवण सातच्या आत उरका. विस्तवावर पाणी ओतून, काडीने ढवळून, पुन्हा पाणी ओता. राखेवर हाताचा तळवा धरून बघा. धग लागली तर तिसऱ्यांदा पाणी. सागाच्या पानांच्या थरात एक ठिणगी पुरते. उरलेलं अन्न, हाडं, सालं तंबूत किंवा बाहेर उघडी ठेवू नका. डब्यात बंद करून गाडीत ठेवा, नाहीतर आधी कुत्री येतील आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या.

रात्र

तंबूत शेगडी, कोळसे किंवा स्टोव्ह कधीही नाही. कितीही थंडी असो. बंद जागेत जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. ऊब हवी असेल तर पाणी गरम करून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरा, मोज्यात घाला आणि पायाशी ठेवा.

दाराची चेन नेहमी पूर्ण बंद, आत असताना आणि बाहेर असतानाही. मण्यार रात्री हिंडते आणि उबेला अंथरुणात शिरते. तिच्या दंशाला वेदना जवळजवळ नसते. पहाटे कुणाला कारण नसताना पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळू लागलं तर जखम दिसत नसली तरी सर्पदंश समजा आणि सरळ दवाखाना गाठा. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे जायचं नाही. १०८ ला फोन करा. पण नेटवर्कचं सांगितलंच आहे, म्हणून गावातल्या एखाद्या जीपवाल्याचं घर आणि जवळचा दवाखाना उजेडातच बघून ठेवा. बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच घाला.

आवाजांचं मात्र मनावर घेऊ नका. सागाच्या वाळल्या पानावरून उंदीर गेला तरी माणूस चालत आल्यासारखं वाटतं. रातवा पक्ष्याची एकसुरी ठकठक तासभर चालते. कोल्हेकुई लांबूनच येते. पानांचा आवाज थांबून थांबून येत असेल तर बहुतेक उंदीर किंवा साळिंदर. सारखा, जड, फांद्या मोडत येत असेल तर तंबूतच थांबा आणि आपसात मोठ्याने बोला. रानडुक्कर असो की अस्वल, माणसाची चाहूल लागली की सहसा ते बाजूने निघून जातं. बाहेर जायचंच झालं तर दोघांनी, हेडलॅम्प लावून, पाय आपटत.

स्पीकर आणूच नका. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. तुम्ही हळू लावलेलं गाणं पलीकडच्या पाड्यावर स्पष्ट ऐकू येतं, आणि तिथल्या माणसांना पहाटे उठून कामाला जायचं असतं.

सकाळ

सातपर्यंत ऊन येत नाही, पण उजाडताच उठा. तळ्यावर वाफेसारखं धुकं असतं, काठाला वंचक, खंड्या, हळदीकुंकू बदकं दिसतात. इकडच्या जंगलाला पक्षिवेड्यांच्या नकाशावर आणलं ते वनपिंगळा या छोट्या घुबडाने. १८८४ नंतर तो कुणाला पक्का दिसला नव्हता, नामशेषच झाला असं धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात सापडला. हा पिंगळा दिवसा वावरतो. कोवळ्या उन्हात उघड्या फांदीवर बसतो, पाठ-डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात. नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा बघून पुष्कळ लोक वनपिंगळा दिसला म्हणून घरी जातात. त्याला बोलवायला मोबाइलवर आवाज वाजवू नका, त्याचं सगळं लक्ष मग नसलेल्या शत्रूकडे लागतं.

चहा झाला की वाट बघा, ती तंबू वाळायची. ओला तंबू गुंडाळला तर दोन दिवसांत बुरशी आणि कुबट वास. नऊ-साडेनऊच्या उन्हात वरचं कापड झुडपांवर पसरा, तोवर कमळ तळ्याकडे एक फेरी होते, मच्छिंद्रनाथाची गुफा बघून होते. परत आल्यावर खुंट्या मोजून घ्या. गवतात राहिलेली सळई गुराच्या खुरात शिरते.

कचऱ्याची पिशवी गावाच्या उकिरड्यावर टाकायची नाही, शहाद्यापर्यंत आणायची. वाटेत कुणी सीताफळं, आमचूर किंवा मध विकत बसलं असेल तर घ्या, घासाघीस न करता. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा. न्यूट्रलवर सोडून नुसत्या ब्रेकवर उतरलात तर राणीपूर येईपर्यंत ब्रेक तापून धरेनासे होतात.